एका दाबात छत्तीस तुकडे

एखाद्या लहान उपाहारगृहाच्या भटारखान्यात डोकावलो, तर ओट्याला बोल्टने आवळून बसवलेले एक साधे यंत्र कधीकधी दिसते. लोखंडी चौकट, तिच्यात उभ्या-आडव्या पात्यांची जाळी, समोर एक ठोकळा आणि तो ढकलणारा लांब दांडा. सोललेला बटाटा जाळीपुढे ठेवायचा आणि दांडा दाबायचा. पलीकडून चौकोनी लांब तुकडे पडतात. आपण त्यांना फिंगर चिप्स म्हणतो. या यंत्राला ना वीज लागते, ना मोटर.

यात इतिहास तो काय, असे वाटेल. थोडे गणित करून पाहू. सहा सेंटिमीटर जाडीच्या बटाट्याचे एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे सुरीने करायचे, तर पाच उभे आणि पाच आडवे, असे दहा काप द्यावे लागतात. शंभर बटाट्यांना हजार काप. घरी चार बटाट्यांपुरते हे ठीक आहे. पण रोज संध्याकाळी दारात रांग लागत असेल तर?

अशी रांग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या गिरणगावांत लागू लागली. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात आला. (आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी दिलेला. गंमत अशी की कॅरिबियन बेटांवर तो मुळात रताळ्याचा शब्द होता.) तळलेल्या माशाची रीत स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यू कुटुंबांनी इंग्लंडमध्ये नेली, असे मानतात. हे दोन पदार्थ एका कागदात प्रथम कोणी बांधले यावर वाद आहे. कोणी १८६० च्या सुमाराचे लंडनचे जोसेफ मॅलिन यांचे नाव घेतात, तर कोणी १८६३ च्या सुमाराचे लँकेशायरमधील मॉस्ली गावच्या जॉन लीस यांचे. आम्हाला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. रेल्वे आणि वाफेवर चालणाऱ्या मासेमारी नौका यांमुळे मासा स्वस्त झाला होता, गिरणीतून थकून येणाऱ्या बायांना चूल पेटवायला वेळ नव्हता. हा पदार्थ कुठेतरी जन्मणारच होता. १९१० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशी सुमारे पंचवीस हजार दुकाने होती.

ही दुकाने बहुधा घराच्या पुढच्या खोलीत असत. भांडवल थोडे, आणि मजूर म्हणजे घरचीच माणसे. दुकान उघडण्याआधी कित्येक तास थंड पाण्यात हात घालून बटाटे धुणे, सोलणे, डोळे काढणे, कापणे हे काम बायकांच्या आणि पोरांच्या वाट्याला येई. वर तेला-चरबीच्या वासामुळे कायद्याने या धंद्याची गणना ‘उपद्रवी’ व्यवसायांत केली होती. तो शिक्का १९४० मध्ये पुसला गेला. त्याच महायुद्धाच्या काळात सरकारने मासे-चिप्सवर मात्र रेशन लावले नाही! अशा घरात हाताने चालणारे कापयंत्र आले म्हणजे काय झाले असेल, हे त्या हजार कापांवरून समजावे.

आता यंत्राकडे वळू. पुष्कळ यंत्रांत दांड्याचे एक टोक टेकूला जोडलेले, दुसरे हातात आणि ठोकळा मध्ये असतो. म्हणजे ही दुसऱ्या प्रकारची तरफ, आपल्या अडकित्त्याचीच बहीण. टेकूपासून हात चाळीस सेंटिमीटरवर आणि ठोकळा दहावर असेल, तर बल चौपट होते. अर्थात फुकट काही मिळत नाही. ठोकळा आठ सेंटिमीटर सरकायला हात बत्तीस सेंटिमीटर फिरवावा लागतो.

खरी अडचण पात्यांची आहे. बटाट्यात सुमारे चार पंचमांश पाणी, त्यामुळे तो दाबून लहान होत नाही. एक मिलिमीटर जाडीची पाच पाती शेजारी शेजारी एकदम घुसली, तर पाच मिलिमीटर जागा कोठून येणार? मधले तुकडे आवळले जातात आणि ताजा, पेशी पाण्याने टरारलेला बटाटा पात्याच्या पुढेच तडकतो. म्हणून पाती पातळ हवीत आणि ताणून बसवलेली हवीत. चिप्सच्या कारखान्यांत तर कापण्यापूर्वी बटाटे कोमट-गरम पाण्यात ठेवून थोडे नरम करण्याची पद्धत पडली.

तुकडे सारखे का हवेत? दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौ. सेंमी. त्याचे एक सेंटिमीटर जाडीचे शंभर तुकडे केले, की ते ४२०० होते, म्हणजे सातपट. तेलाची उष्णता याच पृष्ठभागातून आत शिरते, आणि तेलही इथेच चिकटते. जाडी कमी-जास्त झाली, की एकाच घाण्यात बारीक तुकडे करपतात आणि जाड कच्चे राहतात.

१९६० मध्ये अमेरिकेत गिल्बर्ट लँब यांनी वेगळीच युक्ती केली. पाण्याच्या जोरदार प्रवाहाबरोबर बटाटे नळीतून सोडायचे आणि ते स्थिर पात्यांवर आदळू द्यायचे. पुढे गोठवलेल्या चिप्सचे कारखाने अशा यंत्रांवर चालू लागले. पण तत्त्व तेच जुने : पाते जागेवर, बटाटा हलतो. लहान भटारखान्यात मात्र दांड्याचे यंत्र टिकून आहे.

एक प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. आलेख-कागदावर एक सेंटिमीटरचे चौकोन घ्या आणि सहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. तो आपला बटाटा. वर्तुळाचा मध्य दोन रेघांच्या छेदावर ठेवला, तर वर्तुळात १६ चौकोन पूर्ण बसतात आणि कडेचे २० तुटके निघतात. सगळे मिळून छत्तीस खरे, पण त्यांतले निम्म्याहून अधिक बारीक-मोठे! आता मध्य अर्धा सेंटिमीटर उजवीकडे आणि अर्धा वर सरकवा, म्हणजे तो एका चौकोनाच्या मधोमध येईल. पुन्हा मोजा. पूर्ण चौकोन २१ भरतील.