वरिष्ठांच्या हातून वर जाणारा अर्ज : नगर जिल्ह्यातील टपाल कर्मचारी आणि दाद मागण्याचे नियम

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचा टपाल कारभार अहमदनगर आणि श्रीरामपूर या दोन डाक विभागांत वाटलेला असून, या विभागांचे अधीक्षक पुणे क्षेत्राच्या पोस्टमास्तर जनरलच्या आणि त्यांच्यामार्फत मुंबईच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलच्या अधिकाराखाली काम करतात. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या पोस्टमनला बदलीविषयी काही म्हणायचे असेल, तर त्याचा अर्ज याच उतरंडीने, एकेका वरिष्ठाच्या शेऱ्यासह वर जावा लागतो. खात्याच्या व्यवहारात या मार्गाला ‘प्रॉपर चॅनल’ म्हणतात. ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावरून ती पुढे जाते, हा या व्यवस्थेचा मूळ पेच आहे.

1854 मध्ये टपाल खाते अखिल भारतीय स्वरूपात संघटित झाले. नोकरांना दाद मागण्याची सविस्तर चौकट मात्र 1930 च्या मुलकी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियमांनी दिली आणि 1965 च्या नियमांनी तिला आजचे रूप आले. त्यांनुसार अपील, म्हणजे शिक्षेच्या आदेशाविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे केलेली मागणी, आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत करावी लागते. पुरेसे कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. अर्जात सर्व मुद्दे यावेत, भाषा अनादराची नसावी आणि प्रत्येकाने आपल्या नावाने स्वतंत्र अर्ज करावा, अशा अटी आहेत. अपील ऐकणाऱ्यानेही कार्यपद्धती पाळली गेली का, निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे का आणि शिक्षा योग्य आहे का, हे तपासलेच पाहिजे. हे बंधन कर्मचाऱ्यासाठी फार मोलाचे आहे.

आधीच्या नियमांपासून चालत आलेल्या स्वतंत्र अर्जाच्या अटीचा परिणाम सर्वांत खोल झाला, कारण तिने सामाईक दुःखालाही एकेकट्याचे गाऱ्हाणे बनवले. पगार आणि महागाईचे प्रश्न अशा अर्जांतून सुटणे शक्य नव्हते, आणि 11 जुलै 1946 रोजी सुरू झालेला देशव्यापी टपाल संप ही त्या कोंडीची परिणती होती. सामूहिक मागण्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे सरकार व कर्मचारी प्रतिनिधींनी एकत्र बसण्याची व्यवस्था, 1966 मध्ये उभी राहिली. वैयक्तिक अर्जाचा नियम मात्र तसाच राहिला. वरिष्ठांना डावलून थेट मंत्र्यांकडे किंवा पंतप्रधानांकडे अर्ज पाठवणे हा वर्तणूक नियमांचा भंग असल्याचे केंद्राने ऑगस्ट 2015 मध्ये पुन्हा बजावले.

खेड्यापाड्यांतली टपालसेवा ज्यांच्यावर चालते त्या विभागेतर कर्मचाऱ्यांना, म्हणजे आजच्या ग्रामीण डाक सेवकांना, 1964 पासून वेगळे नियम लागू झाले. ते मुलकी पद धारण करतात आणि म्हणून त्यांना संविधानाच्या अनुच्छेद 311 चे, म्हणजे चौकशीशिवाय बडतर्फ न होण्याचे, संरक्षण आहे, हे 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात ठरवले. हा निकाल टपाल खात्याच्या इतिहासात 1946 च्या संपाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

1985 च्या कायद्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे केंद्राच्या नोकरांचे सेवाविषयक वाद ऐकणारी यंत्रणा, आले. तेथे जाण्यापूर्वी खात्यातले उपाय संपवणे साधारणपणे आवश्यक असते; मात्र अपिलावर सहा महिने निर्णय झाला नाही, तर त्यापुढील एका वर्षात न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पुन्हापुन्हा विनंतीअर्ज केल्याने ही मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये स्पष्ट केले असल्यामुळे, प्रत्येक टपाल कर्मचाऱ्याने आपल्या पहिल्या अर्जाची तारखेसह पोच जपून ठेवली पाहिजे.