फिंगरप्रिंट स्कॅनर उद्योग

फिंगरप्रिंट स्कॅनर उद्योग म्हणजे बोटांचे ठसे टिपून व्यक्तीची ओळख पटवणारी यंत्रे, त्यांतील संवेदक आणि ठसे जुळवणाऱ्या संगणक प्रणाली तयार करणारा उद्योग होय. भ्रमणध्वनी, कार्यालयांतील हजेरी, बँका आणि शिधावाटप दुकाने येथे ही यंत्रे वापरली जातात. पासवर्ड फुटल्यास बदलता येतो. बोटाचा ठसा बदलता येत नाही. त्यामुळे या उद्योगातील स्पर्धा किंमत व वेग यांपुरती मर्यादित नसून, ठसा कोठे साठवला जातो आणि कोणाच्या ताब्यात राहतो, हा प्रश्नही तिच्याशी निगडित आहे.

कार्यपद्धती

प्रकाशीय स्कॅनर बोटाचे छायाचित्र घेतो. कपॅसिटिव्ह स्कॅनर त्वचेवरील उंचवटे व खाचा यांमुळे पडणारा विद्युत फरक मोजतो, तर तिसऱ्या प्रकारात श्राव्यातीत ध्वनिलहरींचा उपयोग होतो. ठशातील रेषा जेथे संपतात किंवा दुभंगतात, त्या जागांवरून एक गणिती नमुना तयार केला जातो व पुढील प्रत्येक वेळी त्याच्याशी तुलना होते. हा नमुना उपकरणातच राहू शकतो किंवा मध्यवर्ती संगणकावर साठवता येतो. पहिल्या पद्धतीत चोरी झाल्यास एका व्यक्तीचे नुकसान होते; दुसऱ्या पद्धतीत एकाच वेळी लाखो लोकांचे ठसे उघड होऊ शकतात.

स्पर्धा

२०१२ मध्ये ॲपलने ऑथेनटेक ही संवेदक बनवणारी अमेरिकी कंपनी सुमारे ३५.६ कोटी डॉलरना विकत घेतली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोन ५एसमध्ये 'टच आयडी' ही सुविधा आणली. त्याच वर्षी सिनॅप्टिक्सने व्हॅलिडिटी सेन्सर्स ही कंपनी घेतली. इतर भ्रमणध्वनी उत्पादकांच्या मागणीवर स्वीडनची फिंगरप्रिंट कार्ड्स आणि चीनची गुडिक्स या कंपन्या वाढल्या. पुढे चढाओढ पडद्याखालील संवेदकांकडे वळली. २०१८ मध्ये व्हिवोने प्रकाशीय, तर २०१९ मध्ये सॅमसंगने क्वालकॉमचा ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक वापरला. त्याच वर्षी काही पडदा-आवरणांमुळे सॅमसंगचा फोन परक्या बोटानेही उघडत असल्याचे आढळले आणि कंपनीला सुधारित आज्ञावली द्यावी लागली.

भ्रमणध्वनीवरील लहान संवेदक ठशाचा केवळ काही भाग वाचतात. असे अपुरे ठसे अनेक व्यक्तींच्या ठशांशी जुळू शकतात, हे २०१७ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठ व मिशिगन राज्य विद्यापीठ येथील संशोधकांनी दाखवले.

शासकीय कंत्राटांच्या क्षेत्रात पुरवठादार मोजके आहेत. आधार योजनेत एकाच व्यक्तीची दुबार नोंद शोधण्याचे काम आरंभी तीन गटांकडे होते. त्यांपैकी दोहोंत अमेरिकेची एल-१ आणि फ्रान्सची मॉर्फो या कंपन्या होत्या. २०११ मध्ये मॉर्फोची मूळ कंपनी साफ्रान हिने एल-१ विकत घेतली.

खासगीपणाचे प्रश्न

कंपनी बुडाल्यास तिच्याकडील ठशांचे काय होणार, हा प्रश्न अमेरिकेत 'पे बाय टच' या कंपनीच्या दिवाळखोरीमुळे पुढे आला. त्यानंतर इलिनॉय राज्याने २००८ मध्ये जैवमितीय माहितीच्या खासगीपणाचा कायदा केला. त्यानुसार ठसे घेण्यापूर्वी लेखी संमती आवश्यक असून, उल्लंघन झाल्यास व्यक्तीला थेट दावा लावता येतो. २०१५ मध्ये अमेरिकी संघराज्य शासनाच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचे जाहीर झाले. २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या सुप्रीमा कंपनीच्या 'बायोस्टार २' या प्रणालीतील ठशांची माहिती असुरक्षित स्थितीत आढळली.

भारतातील स्थिती

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने २०१७ मध्ये नोंदणीकृत उपकरणांची अट घातली. अशा उपकरणांतून ठशाची माहिती सांकेतिक रूपातच बाहेर पडते. जुना टिपलेला ठसा पुन्हा वापरला जाऊ नये, हा त्यामागील उद्देश आहे. तथापि दस्तऐवजांवरील अंगठ्यांचे ठसे सिलिकॉनवर उतरवून आधार-आधारित बँक व्यवहारांतून पैसे काढल्याचे गुन्हे घडले आहेत. बोट खरे आहे की नक्कल, हे ताडणारी नवी तपासणी प्राधिकरणाने २०२३ मध्ये लागू केली. आधारधारकास आपली जैवमितीय माहिती कुलूपबंदही करता येते. दुसरीकडे, कष्टाच्या कामामुळे किंवा वयामुळे ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, त्यांचे ठसे जुळण्यात अडचण येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने बहुमताने आधार योजना वैध ठरवली. मात्र खासगी कंपन्यांना करारान्वये आधार पडताळणीची मुभा देणारी कलम ५७ मधील तरतूद रद्द केली. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत ओळख पटवण्यासाठी वापरलेल्या जैवमितीय माहितीला विशेष संरक्षण आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र अशा माहितीचा वेगळा संवेदनशील वर्ग केलेला नाही.