फातिमाबींचा पुरावा

जानेवारी उजाडला की माझा फोन वाजू लागतो. फातिमा शेख यांची जयंती आहे, दोन शब्द बोला. काही वर्षे मी बोललोही. जन्म 9 जानेवारी 1831, पहिल्या मुस्लिम शिक्षिका, भाऊ उस्मान शेख, सगळे घडाघडा. अशाच एका कार्यक्रमानंतर एम.ए. करणारी एक मुलगी जवळ आली. "सर, ही तारीख कुठे मिळाली? मला प्रबंधात संदर्भ द्यायचाय." मी म्हणालो, "पाठवतो."

घरी येऊन शोधू लागलो आणि खजील झालो. या लेखात त्या लेखाचा हवाला, त्यात एका संकेतस्थळाचा, आणि संकेतस्थळावर कशाचाच नाही. 2022 मध्ये गूगलने त्या तारखेला डूडल केले, मग लोक डूडलचाच दाखला देऊ लागले. दहा लेख एकमेकांवरून उतरवलेले असतील तर ते दहा साक्षीदार नव्हेत. हदीस तपासताना कोणी कोणाकडून ऐकले, ही रावींची साखळी आधी पाहतात. हे मी इतरांना हौसेने सांगतो. स्वतःच्या भाषणाला मात्र लावले नव्हते.

पुढे 9 जानेवारी 2025 रोजी उलटा प्रकार झाला. फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, असे एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले. पुन्हा फोन आले. या वेळी काहींच्या आवाजात आनंद होता. 'तुमच्या फातिमाबी गेल्या की हो!' यातले 'तुमच्या' मला जास्त लागले.

मी मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' काढून बसलो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते 1988 साली छापले, म्हणजे समाजमाध्यमे जन्मण्याच्या कितीतरी आधी. त्यात 10 ऑक्टोबर 1856 चे पत्र आहे. सावित्रीबाई आजारी होऊन माहेरी नायगावला आहेत आणि पुण्यात जोतीरावांना लिहिताहेत. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात येतो. रचल्याचा दावा इथेच संपतो.

पण माझे भाषणही इथेच संपते. पत्रात 'शेख' नाही, जन्मतारीख नाही, 'पहिल्या' तर नाहीच. सावित्रीबाईंच्या गैरहजेरीत जिच्यावर भार पडतो ती शाळेत शिकवत असणार, हा आपला तर्क आहे. मला तो पटतो, तरी तो तर्क म्हणूनच लिहायला हवा. शिवाय माझ्या हातात आहे ते छापील पत्र, मूळ कागद नव्हे.

'मग सरकारी कागदांत नाव का नाही?' असेही विचारले जाते. 1882 साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन वाचा. शाळांच्या कामात पत्नी सोबत होती असे ते सांगतात, पण तिथे सावित्रीबाईंचेही नाव घेत नाहीत. जो कागद घरच्या बाईचे नाव घेत नाही, त्यात शेजारणीचे नाव नाही म्हणून ती नव्हतीच, असे कसे म्हणता येईल?

त्या मुलीला मी त्या पत्राच्या पानाची प्रत पाठवली आणि लिहिले, की बेटा, तारखेला आधार सापडला नाही, प्रबंधात घालू नकोस. माझ्या जुन्या लेखातूनही ती काढली आहे. तिचे उत्तर लगेच आले: "सर, मूळ पत्र कुठे असेल?"