एकशेंवीस चिनी मुलें

चिनी माणूस आणि अमेरिकन माणूस यांच्यांतील भेदांविषयीं लिहूं लागलें म्हणजे लेखकाची लेखणी बहुधा जेवणाच्या मेजाकडे वळते. एकजण काड्यांनीं भात खातो, दुसरा काट्यासुरीनें मांस कापतो; एकाचें आडनांव आधीं, दुसऱ्याचें मागून; एकाच्या घरीं शोकाचा रंग पांढरा, दुसऱ्याच्या घरीं काळा. अशी यादी हवी तितकी लांबवितां येईल आणि ती वाचून करमणूकहि होईल. परंतु दोन समाजांचें अंतरंग नेमकें कोठें वेगळें आहे, याचा थांग तिनें लागत नाहीं. तो लागावयाचा तर एका समाजाचीं लहान मुलें दुसऱ्या समाजाच्या घरांत नेऊन ठेवावीं आणि कांहीं वर्षांनीं काय होतें तें पाहावें. असा प्रयोग मुद्दाम करण्यास कोणी धजणार नाहीं. तथापि १८७२ पासून १८८१ पर्यंत, कोणाच्याहि मनांत तसा हेतु नसतां, तो घडून आला. आणि त्या मुलांपैकीं कांहींनीं पुढें लिहून ठेवलेल्या आठवणींमुळें त्याचा वृत्तांत आपल्या हातीं आहे.

या प्रकरणाचे जनक युंग विंग. मकाव बंदराजवळच्या एका खेड्यांत, गरीब घरांत, १८२८ सालीं त्यांचा जन्म झाला. मिशनरी शाळेंत इंग्रजी शिकून १८४७ सालीं ते आपले गुरु सॅम्युएल ब्राउन यांच्याबरोबर अमेरिकेस गेले आणि १८५४ सालीं येल येथें पदवीधर झाले. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळविणारे हे पहिले चिनी गृहस्थ. मध्यंतरीं, १८५२ सालीं, त्यांनीं त्या देशाचें नागरिकत्वहि घेतलें होतें. स्वदेशीं परतल्यावर त्यांना पहिलें काम कोणतें करावें लागलें असेल, तर विसरलेली मातृभाषा पुन्हां शिकण्याचें! आपणांस मिळाली ती विद्या देशबांधवांच्या मुलांस मिळावी, हा एकच ध्यास त्यांनीं पुढें आयुष्यभर बाळगला.

काळहि अनुकूल होता. १८६० सालीं इंग्रज-फ्रेंच फौजांनीं पेकिंगनजीकचा उन्हाळी राजवाडा जाळला, आणि ताइपिंग बंड मोडतां मोडतां चौदा वर्षें गेलीं. पाश्चात्यांच्या तोफा, आगबोटी आणि गणित घेतल्यावांचून निभाव लागत नाहीं, हें त्सेंग क्वो-फान आणि लि हुंग-चांग या दोघां वजनदार अधिकाऱ्यांस पटलें. शांघायच्या तोफांच्या कारखान्यासाठीं अमेरिकेंतून यंत्रें आणण्याचें काम त्यांनीं युंग विंग यांजवर सोंपविलें होतें व तें उत्तम पार पडलें होतें. यंत्रें आणलीं, आतां यंत्रें चालविणारीं डोकीं तयार करून आणावयाचीं; हिशेब सरळ दिसला. दरसाल तीस याप्रमाणें चार वर्षांत एकशेंवीस मुलें पाठवावीं, पंधरा वर्षें तीं तेथें शिकावीं, नंतर परत येऊन सरकारी सेवेंत रुजू व्हावीं, असें ठरलें. वीस वर्षांच्या खर्चासाठीं जकातीच्या उत्पन्नांतून बारा लक्ष टेल चांदी मंजूर झाली.

मुलें मात्र मिळेनात. ज्या घरांना कांहीं परंपरा होती, त्यांच्या दृष्टीनें मुलाच्या उत्कर्षाचा राजमार्ग एकच, तो म्हणजे कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत करून परीक्षा देणें. उत्तरेकडील घरांनीं पाठच फिरविली. पहिली तुकडी भरावयास युंग विंग यांना हाँगकाँगच्या शाळा धुंडाळाव्या लागल्या, आणि अखेर जीं मिळालीं त्यांतील बहुतेक मुलें क्वांगतुंग या दक्षिणेकडील प्रांतांतलीं, बेताच्या स्थितींतलीं होतीं. वयें दहा ते सोळा. प्रत्येकाच्या बापानें करारपत्र लिहून दिलें, त्याचा आशय असा कीं, मुलगा आम्हीं राजीखुषीनें पाठवीत आहों; परमुलखीं आजारपण वा मृत्यु आल्यास ज्याचें त्याचें नशीब. मुलगा कोणाचा, या प्रश्नाचें चिनी उत्तर त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलें आहे. तो आधीं घराचा आणि नंतर बादशहाचा. स्वतः मुलाची संमति कोणी घेतली नाहीं. ती घ्यावी हें कोणास सुचलेंहि नाहीं. (आपल्या पणज्यांना लग्नाच्या वेळीं कोणी विचारलें होतें?)

आतां अमेरिकेकडील व्यवस्था पाहूं. मुलांना इंग्रजी लौकर यावें म्हणून, कनेक्टिकट राज्याचे शिक्षणाधिकारी नॉर्थ्रप यांच्या सल्ल्यानें, त्यांना एका वसतिगृहांत न ठेवतां दोघे-दोघे, तिघे-तिघे करून चांगल्या कुटुंबांत वांटून दिलें गेलें. हार्टफर्ड, स्प्रिंगफील्ड व त्या नदीकांठच्या इतर गांवांतील हीं घरें सुशिक्षित आणि धर्मनिष्ठ होतीं. माझ्या मतें पुढील सर्व इतिहास या एका घरगुती व्यवस्थेच्या पोटांत सांठलेला आहे. मुलांनीं गणित शिकावें म्हणून सरकारनें त्यांना शाळेंत घातलें. पण शाळा पांच-सहा तासांची, आणि घर रात्रंदिवसाचें.

यान फू ली हा १८७३ च्या तुकडींतला बारा वर्षांचा मुलगा. स्प्रिंगफील्ड येथें यजमानीणबाई मुलांना नेण्यास आल्या, त्यांनीं त्याला पोटाशीं धरून त्याचा मुका घेतला. बरोबरचीं मुलें हंसलीं आणि हा लाजून लाल झाला. अगदीं तान्हेपणानंतर कोणी आपला मुका घेतल्याचें त्याला आठवत नव्हतें. चीनमध्यें आईची माया कमी असते, असा याचा अर्थ कोणी करूं नये. तेथें माया असते ती पानांत वाढलेल्या घांसांत, शिवून दिलेल्या जोड्यांत, परीक्षेच्या नवसांत. ती अंगाला स्पर्श करीत नाहीं. बापासमोर मुलानें उभें राहावें, विचारल्याखेरीज बोलूं नये, वडील बसल्याशिवाय बसूं नये. तोच मुलगा अमेरिकन घरीं मेजाशीं बसला म्हणजे आज काय केलेंस, तुला काय आवडलें, तुझें मत काय, अशी विचारणा सुरू होई. मत असावें ही त्याच्यावर लादलेली पहिली परकी गोष्ट! पुढें त्या मताची त्याला गोडी लागली, यांत नवल नाहीं.

पहिल्या रविवारची एक गंमत याच ली यानें १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत सांगितली आहे. रविवारच्या शाळेस चलावयाचें आहे, असें त्यांना सांगण्यांत आलें. त्यांतला ‘शाळा’ एवढाच शब्द यांना कळला. आंत गेल्यावर प्रार्थना चाललेली पाहून हें देऊळ आहे, शाळा नव्हे, असा उलगडा झाला. तेव्हां ली आणि त्याचा सोबती तेथून धूम पळाले ते थेट घरीं आपल्या खोलींत. पण पुढें तेच देऊळ कित्येकांच्या संवयीचें झालें. येथेंच खरी खोंच होती. यजमान मंडळी जुलूम करणारीं नव्हतीं. परंतु आत्मा ज्याचा त्याचा, आणि त्याचा जाबहि ज्यानें त्यानें द्यावयाचा, ही त्यांची श्रद्धा ताटांतल्या अन्नाबरोबर मुलांच्या पोटांत जात होती. उलट चिनी घरांत मुलगा म्हणजे पितरांचें कार्य चालविणारा दुवा. तो निखळला तर एकट्याचें नुकसान नव्हे, सबंध सांखळीच तुटावयाची. श्राद्धपक्ष जाणणाऱ्या आपल्या वाचकांस याहून अधिक सांगावयास नको.

याच ओघांत आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. १८८३ सालीं त्याहि न्यू जर्सीमधील कार्पेंटर कुटुंबाच्या आश्रयास गेल्या व त्यांनाहि तेथें माया मिळाली. पण त्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि हिंदु म्हणूनच जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, हें सेरामपूर येथें भर सभेंत सांगून निघाल्या होत्या. दहाबारा वर्षांच्या पोराजवळ असा निश्चय कोठून असणार?

वेषाचें म्हणाल तर तें प्रकरण लौकरच आटोपलें. लांब झगे आणि पाठीवर वेणी पाहून रस्त्यावरचीं पोरें ‘या मुलीच कीं’ म्हणून चिडवीत; तेव्हां झगे गेले, कोटपाटलोणी आल्या. वेणी मात्र कापतां येत नव्हती, कारण मांचू बादशहाशीं निष्ठेची ती खूण. वेणी कापणें म्हणजे राजद्रोह. मुलें ती कॉलरखालीं दडवून बेसबॉल खेळूं लागलीं. हार्टफर्डच्या शाळेंत त्यांच्याबरोबर असलेले प्रोफेसर विल्यम लायन फेल्प्स यांनीं आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, खेळांत हीं मुलें चपळ असत, आणि नाचाच्या समारंभांत सुंदरांतल्या सुंदर मुली अमेरिकन पोरांना सोडून यांच्याशीं नाचत. चुंग मुन-यू हा तर येलच्या नौकेचा सुकाणूधारी म्हणून हार्वर्डविरुद्धच्या शर्यतींत बसला.

इकडे हार्टफर्ड येथें मंडळाची स्वतःची इमारत होती. तेथें पाळीपाळीनें मुलांना बोलावून चिनी ग्रंथ शिकवीत, खांग-शी बादशहाचे उपदेश वाचून दाखवीत, व राजधानीच्या दिशेनें नमस्कार घालावयास लावीत. मुलांनीं त्या इमारतीस आपसांत ‘नरकगृह’ असें नांव ठेवलें होतें, एवढ्यावरून काय तें समजावें. तशांत वू त्सु-तेंग हे देखरेख करावयास आले. मुलें वडिलांस नमस्कार करीत नाहींत, खेळांत दंग असतात, कित्येक ख्रिस्ती झालीं आहेत, परत आलीं तरी देशाच्या उपयोगी पडणार नाहींत, असे त्यांचे अहवाल पेकिंगला जाऊं लागले. युंग विंग यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत त्यांना खलपुरुष ठरविलें आहे, व बहुतेक लेखक तोच सूर धरतात. मला तो निवाडा मान्य नाहीं. वू हे अडाणी कर्मठ नव्हते. ते नामांकित गणितज्ञ होते. त्यांना जें दिसलें तें खरेंच होतें. तोफा तेवढ्या घेऊं, आचार घेणार नाहीं, हा लि हुंग-चांग यांचा हिशेब चुकला होता, आणि तो चुकल्याचें वू यांच्या प्रथम ध्यानांत आलें. निष्कर्ष मात्र त्यांनीं भलता काढला. नमस्कार न करणारा मुलगा देशावर प्रेम करीत नाहीं, असें त्यांनीं धरून चालावें, ही त्यांच्या दृष्टीची मर्यादा.

पण एवढ्यानें मंडळ बुडालें नसतें. अमेरिकेनेंहि हातभार लावला. १८६८ च्या तहान्वयें चिनी प्रजेला अमेरिकन सरकारच्या शिक्षणसंस्था खुल्या होत्या. मुलें वेस्ट पॉइंट व अनापोलिस येथील लष्करी आणि आरमारी विद्यालयांत घालावीं, हा तर चिनी सरकारचा मुख्य हेतु. त्यासाठीं अर्ज केला, तो नाकारण्यांत आला. जपानी तरुणांना अनापोलिसचें दार उघडें असतांना! कारण कॅलिफोर्नियांत होतें. ज्या आगगाडीनें हीं मुलें पश्चिम किनाऱ्यावरून आलीं, तिची सिएरा पर्वतांतील वाट चिनी मजुरांनीं फोडली होती. १८६९ सालीं रस्ता पुरा झाला आणि मजूर डोळ्यांत सलूं लागले. ‘चिनी गेलेच पाहिजेत’ ही सॅन फ्रान्सिस्कोची आरोळी वॉशिंग्टनपर्यंत पोंचली. येथें अमेरिकन स्वभावाचें दुसरें अंग दिसतें. जो समाज मेजाशीं बसलेल्या एका पोराला ‘तुझें मत काय’ म्हणून विचारतो, त्याला बंदरावर उतरलेल्या हजारांत एकहि व्यक्ति दिसत नाहीं. नुसती जात दिसते.

येलचे अध्यक्ष नोआ पोर्टर यांनीं पेकिंगला विनंतिपत्र धाडलें. पाद्री ट्विचेल आणि प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन हे १८८० च्या डिसेंबरांत माजी अध्यक्ष ग्रँट यांना भेटले. ग्रँट यांची लि हुंग-चांग यांच्याशीं ओळख होती, त्यांनीं पत्रहि लिहिलें. उपयोग झाला नाहीं. १८८१ च्या उन्हाळ्यांत परतण्याचा हुकूम आला, तेव्हां पदवी पुरी झालेले दोघेच होते. वाटेंत ओकलंड येथें तेथील संघानें त्यांना बेसबॉलचें आव्हान दिलें, आणि या मुलांनीं तो सामना जिंकला. मग तीं बोटीवर चढलीं. पुढच्याच वर्षीं अमेरिकेनें चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा केला, तो १९४३ पर्यंत टिकला.

शांघायच्या धक्क्यावर स्वागतास कोणी नव्हतें. बघ्यांच्या गर्दींतून त्यांना नेऊन एका जुन्या पाठशाळेच्या इमारतींत पहाऱ्यांत ठेवलें. त्यांच्यापैकीं हुआंग काइ-चिया यानें ही सारी कहाणी पत्रांत लिहिली. तें पत्र त्यानें हार्टफर्डच्या यजमानीणबाई श्रीमती बार्टलेट यांना लिहिलें. दुःख सांगावयास त्याला तेंच घर आठवलें.

आणि तरीहि, वू यांचें भाकीत मुलांनीं खोटें पाडलें. १८८४ सालीं फूचौ येथें फ्रेंचांच्या तोफांपुढें आणि दहा वर्षांनीं जपानशीं झालेल्या युद्धांत त्यांच्यापैकीं कित्येक चिनी युद्धनौकांवर मारले गेले. चान तिएन-यू हा स्थापत्यशास्त्राचा पदवीधर; त्याला आधीं आरमारी शाळेंत पाठवून सरकारनें त्याचीं कित्येक वर्षें फुकट घालविलीं. अखेर १९०५ ते १९०९ मध्यें त्यानें पेकिंगहून कालगानपर्यंतचा सुमारें दोनशें किलोमीटरचा लोहमार्ग, परकी इंजिनियर न घेतां, डोंगर फोडून बांधला. अँडोव्हरच्या शाळेंत बेसबॉल गाजविणारा लिआंग चेंग पुढें वॉशिंग्टन येथें चीनचा वकील झाला. बॉक्सर दंडाची जादा रक्कम परत मिळविण्याचा पाठपुरावा त्यानें केला, व १९०८ सालीं अमेरिकेनें ती देण्याचें कबूल केलें. त्या पैशांतून १९०९ सालीं सत्तेचाळीस विद्यार्थी पुन्हां अमेरिकेस गेले. मात्र या वेळीं दहा वर्षांचीं पोरें कोणीं पाठविलीं नाहींत. स्वदेशीं शिकून, परीक्षा देऊन निवडलेले तरुण पाठविले.

युंग विंग यांनीं १८७५ सालीं एका अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला होता, आणि तोहि पेकिंगला त्यांच्याविरुद्ध पुराव्यासारखा वाटला. दुसऱ्या बाजूला १८९८ सालीं अमेरिकन सरकारनें त्यांचें शेहेचाळीस वर्षांचें नागरिकत्व आपण मानीत नाहीं असें कळविलें. तरी ते परत हार्टफर्डलाच गेले. १९१२ च्या मार्चांत, त्यांनीं नेलेल्या मुलांपैकीं तांग शाओ-यी हा चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. एप्रिलांत युंग विंग वारले. सीडर हिल येथील दफनभूमींत त्यांची समाधि आहे.