नामनिश्चिती, दहशतवादविषयक नोंदींतील

दहशतवादी हल्ले, संघटना आणि व्यक्ती यांवरच्या कोशनोंदींत कोणते नाव, कोणत्या लेखनरूपात वापरायचे हे ठरवण्याचे संपादकीय काम. इतर विषयांत हा बहुतेक वेळा शुद्धलेखनाचा प्रश्न असतो. इथे मात्र नाव चुकले की एकाचे दोघे होतात, दोघांचा एक होतो, नाहीतर कोश नकळत कोणाचा तरी दावा मान्य करून बसतो.

मुंबईवरच्या नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडला गेलेला हल्लेखोर सुरुवातीच्या बातम्यांत ‘आझम अमीर कसाव’ होता. पुढे ‘अजमल कसाब’ रूढ झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालपत्रावर ‘मोहम्मद अजमल मोहम्मद अमीर कसाब ऊर्फ अबू मुजाहिद’ असे लांबलचक नाव आहे. शीर्षकाला रूढ रूप पुरते. पूर्ण नाव आणि ‘ऊर्फ’ नोंदीच्या पहिल्या ओळीत द्यावे. टोपणनावांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधयादीने एक शहाणपणाची सोय केली आहे: तिथे उपनावांचे ‘चांगल्या’ आणि ‘हलक्या’ प्रतीचे असे दोन वर्ग आहेत. कोशकारांनी ही युक्ती उचलायला हरकत नाही.

‘लष्कर-ए-तोयबा’ हे मराठी वृत्तपत्रांत रुळलेले रूप. मूळ उच्चार ‘तय्यबा’च्या जवळचा आहे, पण वाचक शोधणार ‘तोयबा’च. म्हणून शीर्षक तेच ठेवून ‘तय्यबा’ला ‘पहा’ची सूचना जोडणे बरे. याउलट तमिळ ‘ईळम’चे ‘ईलम’ करण्याचे काही कारण नाही. इंग्रजीला नसलेला ‘ळ’ मराठीकडे आहे. ‘महंमद घोरी’ आणि ‘जैश-ए-मोहम्मद’ एकाच कोशात नांदणार असतील, तर ही विसंगती जाणूनबुजून ठेवली आहे हे प्रस्तावनेत सांगावे लागते. स्पेनमधील बास्क संघटनेचे नाव ‘एटा’; ते ‘ईटीए’ असे अक्षरे सुटी करून लिहिणे सरळ चूक. ‘अल कायदा’ अकारात लावायची की ककारात? अरबीत ‘अल’ हे नुसते उपपद असले, तरी मराठी वाचक अकारातच पाहतो.

खरी कसोटी लागते ती संघटना स्वतःच नाव बदलते तेव्हा. इराक आणि सीरियात लढणाऱ्या संघटनेने जून २०१४ मध्ये देशांची नावे गाळून स्वतःला फक्त ‘इस्लामिक स्टेट’ म्हणवले. त्यात राज्य असल्याचा दावा होता. त्याच वर्षी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लॉरां फाबियुस यांनी तो नाकारत ‘दाएश’ म्हणायचे ठरवले. म्हणजे एक नाव तिच्या बाजूचे, दुसरे तिच्या विरोधकांचे. ‘इस्लामिक स्टेट (संघटना)’ हे शीर्षक दिसायला ओबडधोबड आहे, पण दोन्ही बाजूंपासून अंतर राखते.

घटनांची नावे तारखांवरून पडतात आणि तारखांचा क्रम फसवतो. अमेरिकी पद्धतीचे ‘९/११’ हे मराठी डोळ्याला ९ नोव्हेंबर वाटू शकते. मुंबईत तर दोन्ही पद्धती एकाच शहरात आहेत: ११ जुलै २००६ चे लोकलमधील स्फोट इंग्रजी वृत्तपत्रांत ‘७/११’ झाले आणि दोनच वर्षांनी ‘२६/११’ घडले. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की घोळ मिटतो. मालेगावात स्फोट ८ सप्टेंबर २००६ ला झाले आणि २९ सप्टेंबर २००८ लाही. ‘मालेगाव स्फोट’ एवढेच शीर्षक निरुपयोगी ठरते.

स्थळांची नावे घटनेच्या वेळची घ्यावीत. २००८ मध्ये हल्ला झालेले मुंबईतील रेल्वे स्थानक तेव्हा ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ होते, नावात ‘महाराज’ २०१७ मध्ये आले. १९९३ च्या स्फोटांबाबत इंग्रजी कोशांना ‘बॉम्बे’ की ‘मुंबई’ असा पेच पडतो. मराठीला तो कधी पडलाच नाही.

‘दहशतवादी’ हे विशेषण नावाला चिकटवताना ते कोणी लावले हे सांगणे भाग आहे: न्यायालयाने, सरकारने की बातमीने. २००६ च्या मालेगाव प्रकरणात आधी पकडलेल्यांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. दरम्यानच्या दहा वर्षांत छापलेल्या नोंदींत ‘आरोपी’ लिहिले असेल, तर तेवढा एक शब्द तारखेसह अद्ययावत करून भागते.