खोका ज्याचा त्याने ठोकायचा!

मित्राच्या माळ्यावर त्याच्या आजोबांचं गॅरार्ड ३०१ टर्नटेबल सापडलं. खोका वाळवीने खाल्लेला, टोनआर्म गायब. म्हटलं, कंपनीचा ओरिजिनल खोका शोधू. थोडं वाचल्यावर आपलंच हसू आलं. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातून हे यंत्र तसंच विकलं जायचं, फक्त मोटर आणि तबकडी. टोनआर्म निराळा घ्यायचा, खोका आपला आपण बघायचा.

तेव्हाचं हाय-फाय होतंच असं. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात १५ वॅटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचं सर्किट छापलं, अगदी ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांच्या हिशोबासकट. म्हणजे ओपन सोर्सच की! देशोदेशीच्या हौशी मंडळींनी तो घरी बांधला.

१९४८ मध्ये कोलंबियाची एलपी आली. खाच बारीक, वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. संगीत स्वच्छ झालं, पण मोटरची घरघरही नीट ऐकू यायला लागली! ३०१ मध्ये मोटर एका रबरी चाकामार्फत तबकडी फिरवते, त्यामुळे तिचा कंप सुईपर्यंत पोचू शकतो. तो जिरवायचं काम बरंचसं खोक्याचं. म्हणजे आवाजाचा शेवटचा हात घरच्या सुताराचा.

आमचा पहिला खोका हलक्या प्लायवूडचा होता. तंबोऱ्यापेक्षा मोटरच जास्त गायली. आता प्लायवूडचे थर एकावर एक चिकटवून जड खोका करतोय.

घाई आहे हो. आजोबांचा एक कान गेलाय, दुसरा अजून शाबूत आहे.