होडीचं ओझं

वल्हवण्याच्या छंदाचा इतिहास सांगताना धाडसी माणसांची नावं आधी घेतली जातात. हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने १९५६ मध्ये घडीच्या कयाकमधून एकट्याने अटलांटिक ओलांडला, ही गोष्ट कुणालाही भुरळ घालेल अशीच आहे. पण असल्या पराक्रमावर धंदा उभा राहत नाही. शहरी माणसाच्या हाती वल्हं आलं, ते होडी पाण्यापर्यंत न्यायची कशी हा प्रश्न सुटत गेल्यामुळे. म्हणून या धंद्याचा खरा इतिहास काठावर, रेल्वेच्या फलाटावर आणि खांद्यावर शोधायला हवा.

जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टरने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ ही होडी बांधून घेतली, तेव्हा तिची लांबी पंधरा फूट ठेवली, कारण जर्मन रेल्वेच्या डब्यात ती मावायला हवी होती. म्हणजे होडीचं माप नदीने नव्हे, आगगाडीने ठरवलं. पुढे १९०५ मध्ये म्युनिकचा आल्फ्रेड होयरिश हा वास्तुकलेचा विद्यार्थी घडीची कयाक घेऊन ईसार नदीत उतरला. दोन वर्षांनी तिच्या उत्पादनाचे हक्क घेतले ते रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं, तर सुतारापेक्षा शिंपीच त्यात मुरलेला! होडी पिशवीत गेली आणि पिशवी रेल्वेत. अमेरिकेत तर लाकूड आणि कॅनव्हासची जड कॅनू उचलून नेताना ग्रुमन या विमान कंपनीच्या एका अधिकाऱ्याला ॲल्युमिनियम सुचलं. १९४५ मध्ये तशा कॅनू बाजारात आल्या.

यावर कुणी म्हणेल, हलकी होडी इन्युइटांकडे आधीपासूनच होती, मग धंद्याने नवं काय केलं? सांगाड्यावर सीलचं कातडं चढवायची युक्ती निःसंशय त्यांची, आणि होयरिशची कयाक तिचीच वारस. पण इन्युइट शिकाऱ्याची कयाक त्याच्याच अंगाच्या मापाने बेतलेली असे, आणि समुद्र त्याच्या दारात होता. धंद्याचं गिऱ्हाईक अनोळखी होतं आणि पाण्यापासून लांब राहत होतं. ते अंतर कापणं, ही धंद्याची भर.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. १९७० च्या दशकात साच्यात घडवलेल्या प्लॅस्टिकच्या कयाक आल्या. त्या फायबरग्लासपेक्षा जड, तरी नदीवर त्यांनीच बाजी मारली. मग वजनाचा मुद्दा कोसळतो का? वजन एवढंच ओझं मानलं तर कोसळतो. पण फायबरग्लासची होडी खडकावर आपटली की तडकायची, आणि दुरुस्तीचे तास काठावरच जायचे. प्लॅस्टिकने किलो वाढवले, पण ही डागडुजी कमी केली. रेल्वेची जागा मोटारीच्या टपाने घेतल्यावर थोडं जास्त वजन चालण्यासारखं होतं. तडा मात्र परवडत नव्हता. ओझ्याचं रूप पालटलं, पण होडी कशी असावी हे ठरवत राहिलं ते ओझंच.